काळ्या कडेचं नाणं

छिंगशीच्या टाकसाळीत थोंग च्यू एकतीस वर्षं वाळूच्या पेटीशी उभा होता. साचा बसून दाबता येत नाही. बसलं की खांद्याचा भार हातात उतरत नाही. वाळू वरवर दबते, आत पोकळ राहते. नव्या माणसांना हे पुन्हा पुन्हा सांगावं लागे. थोंग च्यूला त्याच्या बापाने एकदाच सांगितलं होतं, पाठीत धपाटा घालून.

बापही साचेवालाच होता. टाकसाळीतल्या कामगाराचा मुलगा टाकसाळीतच लागायचा. गालावर टाकसाळीचं नाव गोंदलं जाई, महिन्याला तांदूळ मिळे आणि साठी भरेपर्यंत सुटका नसे. थोंगांच्या भावकीतला तो नववा, म्हणून च्यू. वेगळं नाव शोधायला कुणाला सवड नव्हती.

पेटी म्हणजे हातभर लांबीची लाकडी चौकट. तिच्यात चाळलेली, भिजवलेली वाळू ठासायची. वर कोळशाची पूड भुरभुरायची. त्यावर साठ आया मांडायच्या. आई म्हणजे राजधानीहून आलेलं मूळ नाणं. ते बाजारात जात नाही. त्याच्या ठशातून बाकीची निघतात. आया अर्ध्या रुतवायच्या, वर दुसरी पेटी ठेवून अंगाचा सगळा भार द्यायचा, पेट्या उघडायच्या, आया एकेक करून उचलून घ्यायच्या. मग धातू वाहायला मधोमध पाट कोरायचा, पाटातून प्रत्येक ठशाकडे फाटा काढायचा. पेट्या पुन्हा जोडून, बांधून उभ्या करायच्या. पुढचं काम ओतणाऱ्याचं. थंड झाल्यावर आतून झाड निघे: मध्ये खोड, दोन्हीकडे फांद्या, प्रत्येक फांदीच्या टोकाला एक नाणं.

दिवसाला असे वीस साचे. उन्हाळ्याच्या तीन महिन्यांत दहा, कारण भट्टीपाशी माणूस उभा राहू शकत नाही.

धातू थंड होताना आकसतो. त्यामुळे आई तिच्यापासून निघालेल्या नाण्याहून केसभर मोठी असते. कुणी तयार नाण्यावरूनच साचा घेतला, तर निघणारं नाणं केसभर लहान होतं. त्याच्यावरून पुन्हा घेतला, तर आणखी लहान. डोंगरात लपून खोटी नाणी पाडणारे हेच करतात. त्यांचं नाणं लगेच ओळखू येतं. सरकारी टाकसाळीत असं होणं म्हणजे मान खाली घालायची वेळ.

हा फरक डोळ्यांना दिसत नाही. साचेघरात उजेड कमी, आणि आई काय, तयार नाणं काय, पेटीपाशी सगळंच कोळशाच्या पुडीने काळं. फरक अंगठ्याला कळतो. कडेवरून अंगठा एकदा फिरवायचा, बस. थोंग च्यूचा अंगठा सगळ्या टाकसाळीत नावाजलेला होता. वितळवायला आलेल्या मोडीत जुनी नाणी असायची, कुणाच्या तरी शेतात नांगराला लागलेली. कधी फावड्याच्या आकाराचं, कधी सुरीसारखं, कधी वर कोरलेल्या वजनाच्याच नावाने ओळखलं जाणारं जाडजूड ‘अर्धा ल्यांग’, आणि पातळ ‘पाच चू’ तर पोत्याने. पहिल्या वर्षी तो मोड निवडायला होता. जेवणाच्या सुट्टीत माणसं त्याचे डोळे बांधून हातात नाणं देत, आणि तो अंगठा फिरवून ते कुठल्या राजवटीचं ते सांगे. कडा झिजलेली, अक्षरं जवळजवळ गेलेली नाणीसुद्धा त्याने ओळखली होती. हजार वर्षांपूर्वीच्या कारागिराने कड नीट घासली होती की घाई केली होती, तेही त्याला कळे. तो म्हणे, "या माणसाला घरी जायची घाई होती." मग ती नाणी मुशीत जात. नव्या नाण्याला तांबं लागतंच.

सत्तावन्नाव्या वर्षी तो अंगठा मेला.

एकदम नाही. हिवाळ्यात आधी मुंग्या आल्या. गरम पेट्या उघडून उघडून साचेवाल्यांची बोटं कधी ना कधी जातातच, पण बहुतेकांची साठीनंतर, सुटकेनंतरचे तांदूळ खाताना. वसंतात उजवा अंगठा आणि शेजारची दोन बोटं लाकडासारखी झाली. डाव्या हाताचंही तसंच व्हायला लागलं. थोंग च्यूने कुणाला सांगितलं नाही. सांगितलं तर पेटी जाणार, हे नक्की होतं. पेटी जाण्याची भीती नेहमीच असते, पण त्या वर्षी तिला दुसरं कारण होतं. राजधानीत बादशहाने कालनाम, म्हणजे आपल्या कारकिर्दीचं नाव, बदलल्याची बातमी आली होती. नवं कालनाम म्हणजे नाण्यावर नवी अक्षरं, म्हणजे नव्या आया. नव्या आयांचा पहिला साचा टाकसाळीतला सगळ्यात जुना साचेवाला दाबतो. असा पहिला साचा त्याच्या बापाने एकदा दाबला होता, पंचावन्नाव्या वर्षी, आणि मरेपर्यंत ते एवढंच सांगत राहिला. जुना साचेवाला तांग तू गेल्या हिवाळ्यात साठी भरून सुटला होता. आता थोंग च्यू सगळ्यात जुना होता. आया नावेतून निघाल्या होत्या. दीड महिन्याचा प्रश्न होता.

कड घासणारा फेई सान थोंग च्यूबरोबरच लागलेला. साचेघराच्या शेजारच्या पडवीत त्याचं बाक होतं. एका झाडाची साठ नाणी मोडून एका चौकोनी दांडीत ओवायची. नाण्याचं भोक चौकोनी, दांडी चौकोनी, म्हणून नाणी फिरत नाहीत. मग दांडी लाकडी घोड्यावर बसवून साठही कडा एकदम कानशीने घासायच्या. काळी, खरबरीत दांडी हळूहळू पिवळी, चकचकीत होते. हेच काम फेई सान तीस वर्षं करत होता आणि तीस वर्षं बोलत होता.

एके दुपारी थोंग च्यू पेज आणि खारवलेली मोहरीची भाजी घेऊन पडवीत आला, तेव्हा फेई सान बोलत नव्हता. हे पहिलं लक्षण.

"बस," फेई सान म्हणाला. "तुझ्या झाडाला कीड लागलीय."

"तुझ्या कानशीला लागली असेल."

"ही दांडी बघ."

दांडी घासून पिवळी झाली होती. मधोमध एकच काळी रेघ होती. एका नाण्याची कड तशीच काळी, खरबरीत राहिली होती. कानस तिला लागलीच नव्हती.

"आणखी घास," थोंग च्यू म्हणाला.

"आणखी घासलं तर बाकीची एकोणसाठ खराब होतील. लेका, मला शिकवतोस? ते नाणं लहान आहे. आणि ही एकच दांडी नाही. परवापासून तुझ्या सगळ्या दांड्यांत एकेक आहे. सगळ्यांत. दुसऱ्या कुणाच्याही नाही."

थोंग च्यूने पेजेचा वाडगा खाली ठेवला. प्रत्येक साच्यात एक लहान नाणं, म्हणजे साठ आयांमध्ये एक आई नाही. तिच्या जागी तयार नाणं आहे. पण रोज संध्याकाळी पेटीवरच्या आया पहारेकऱ्यासमोर मोजल्या जात, आणि रोज साठ भरत.

"परवाच्या आधी?" त्याने विचारलं.

"त्याआधीचं सहा दिवसांचं शेजारच्या बाकावर गेलं; त्याच्याही आधी माझ्याकडे होतं, तेव्हा असं एकही नव्हतं. तो मुडदा डोळे मिटून घासतो. माल परवा नावेत चढला."

संध्याकाळी माणसं रांगेत उभी राहून झडती देत होती. फेई सान थोंग च्यूच्या पेटीपाशी आला. पेटीवर भिंतीत एक खिळा होता. त्या खिळ्याला एक तयार नाणं अडकवलेलं असे, नमुन्याचं. सकाळी ते काढून आईशेजारी ठेवायचं, दोन्हींवर अंगठा फिरवायचा, आई झिजली नाही ना ते पाहायचं आणि नाणं परत अडकवायचं. थोंग च्यू त्या खिळ्याकडे बघत उभा होता.

"ते बघ जरा," तो म्हणाला.

फेई सानने खिळ्यावरचं नाणं काढून कडेवर बोट फिरवलं. "ही तर आई आहे." मग थांबून म्हणाला, "तू बघ ना. माझ्यापेक्षा तुलाच कळतं."

थोंग च्यूने हात पुढे केला नाही.

फेई सानने त्याचा अंगठा धरला. कानशीचं टोक त्यावर टेकवलं, मग दाबलं. रक्त आलं. थोंग च्यू भिंतीकडे बघत होता.

"कधीपासून?"

"थंडीपासून."

"बायकोला माहीत आहे?"

"नाही."

"मग आता तीन जण झाले. तू, मी आणि तुझा अंगठा, आणि अंगठा काही बोलणार नाही." फेई सान हसला नाही. त्याने आयांमधली साठही नाणी एकेक करून तपासली, खोटी आई शोधून खिळ्यावर अडकवली आणि खरी आई जागेवर ठेवली. "काळी नाणी मी मोडीत टाकतो. टाकसाळीचे अधिकारी लू साहेब नवे आहेत, त्यांना काही कळत नाही. नव्या आया येऊ देत, पहिला साचा दाब, मग खुशाल आजारी पड."

"रोज सकाळी तू येशील का तपासायला?"

"रोज सकाळी मी इथे आलो, तर वेई मला उलटा टांगून झाडेल."

ते खरं होतं. पहारेकरी वेईला माणसं कामात काय करतात याच्याशी देणंघेणं नव्हतं. माणसं बाहेर काय नेतात, एवढंच त्याचं काम होतं. शेंडी सोडून बघे, बोटांच्या बेचक्यात बघे, तोंडात पाणी देऊन चूळ भरायला लावी. दोन वर्षांपूर्वी एका पोऱ्याने तीन नाणी गिळली होती. वेईने त्याला दोन दिवस टोपलीवर बसवून ठेवलं, आणि तिन्ही नाणी मिळवली.

उपाय घरी सापडला. थोंग च्यूची बायको आलिएन हिने चुलीवरून उतरवलेला पेजेचा वाडगा त्याच्या हातात दिला. त्याने तो दोन्ही हातांत धरला, तोंडाला लावला आणि ओरडला. ओठ भाजला होता.

"अहो, एवढा कढत वाडगा धरलात कसा?" आलिएन म्हणाली. "हात आहेत की वल्ही?"

त्याने ओठ पुसला. तिने वाडगा काढून घेतला, त्याचे हात उलटेसुलटे करून पाहिले, अंगठ्यावरची कानशीची ताजी जखम पाहिली. तळवे लाल झाले होते. "कळतंय का काही?" तिने विचारलं. त्याने नकारार्थी मान हलवली. तिने वाडगा खाली ठेवला. मग म्हणाली, "ताओला सांगितलंत?"

खांग ताओ त्यांचा जावई. थोंग च्यूच्या साच्यांत धातू तोच ओतत असे. पायांत गवताच्या चपला, हातात लांब दांड्याची पळी, आणि पळीत पांढरा झालेला तांब्या-शिशाचा रस.

"त्याला कशाला?" थोंग च्यू म्हणाला.

"उगीच विचारलं," असं म्हणून ती उठली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने भिंतीकडे तोंड करून एक आई ओठावर टेकवली, मग खिळ्यावरचं नाणं. खालच्या ओठाला फरक कळला. कड, चौकोनी भोकाचे कोपरे, अक्षरांचा उठाव, सगळं कळलं. थोडं जास्तच कळलं. धातूची चव दिवसभर तोंडात राहिली. त्या दिवसापासून पडवीत काळी कड दिसली नाही. फेई सानला वाटलं अंगठा परत आला. त्याने विचारलं नाही आणि थोंग च्यूने सांगितलं नाही.

वाळूचं मात्र तसं नव्हतं. वाळू मुठीत घ्यायची, आवळायची, मूठ उघडायची. गोळा तसाच राहिला पाहिजे, बोटांचे ठसे उमटले पाहिजेत. मग गोळा मोडायचा; तो दोनच तुकड्यांत मोडला पाहिजे. आणि तळहात कोरडा राहिला पाहिजे. वाळू कोरडी असेल तर साचा ढासळतो, नुकसान तांब्याचं होतं. वाळू ओली असेल तर रस आत गेल्याबरोबर पाण्याची वाफ होते, आणि ती रसाला घेऊनच बाहेर उडते. थोंग च्यूच्या दुसऱ्या वर्षी असं झालं होतं. त्या ओतणाऱ्याचा एक डोळा गेला आणि पाय भाजून जन्माचा अधू झाला. म्हणून वाळू साचेवाला स्वतः भिजवतो, स्वतः पाहतो. दुसऱ्याला विचारत नाही. थोंग च्यू आता गोळा डोळ्यांनी बघत होता, मोडताना कानाने ऐकत होता, कधी चिमूटभर ओठाला लावत होता. वसंतातली हवा कोरडी होती. दीड महिना निभावलं.

नव्या आया आल्या तेव्हा तीन दिवस पाऊस चालू होता.

लू साहेबांनी मुहूर्त काढला होता. भट्टीच्या देवापुढे उदबत्त्या लागल्या, हिरवे बांबू आगीत टाकून फोडले. साचेघरात सगळी माणसं गोळा झाली. लू साहेब तरुण होते, परीक्षा देऊन आलेले, आणि हात बाहीत ठेवायची त्यांना सवय होती. त्यांनी लाल कापडात गुंडाळलेली पेटी स्वतः उघडली आणि मोठ्या थाटात ताटात ओतली.

ताटात साठ आया होत्या आणि तयार नाण्याचे पाच नमुनेही होते. आता सगळे एकत्र झाले. पासष्टही नवी, पिवळी, डोळ्यांवर चमकणारी.

"थोंग च्यू," लू साहेब म्हणाले, "चला. तुमच्या वडलांनीही असा मान घेतला होता म्हणे."

थोंग च्यू पुढे झाला. वाळू त्याने पहाटेच भिजवून ठेवली होती. आता पासष्टांतून साठ वेगळ्या करायच्या होत्या. त्याने ताट उचललं आणि नेहमीसारखं भिंतीकडे तोंड केलं. पहिली ओठाला लावली. आई. दुसरी. आई. तिसरी ओठापर्यंत नेली, तेवढ्यात मागून कुणीतरी त्याचा जबडा धरला.

"थुंक!" वेई ओरडला. "आधी थुंक! गिळू नकोस!"

ताट पडलं. थोंग च्यूला जमिनीवर बसवलं, तोंडात दोन बोटं घालून पाहिलं, पाणी देऊन चूळ भरायला लावली. चुळीत काही निघालं नाही. वेईने टोपली आणायला माणूस पाठवला. तोवर दुसरा साचेवाला तिंग वू गुडघ्यांवर बसून नाणी गोळा करत होता.

"पासष्ट," तिंग वू म्हणाला. "सगळी आहेत."

"नीट मोज," वेई म्हणाला.

"दोनदा मोजली."

"तू दारात बस वेईदादा," पडवीच्या बाजूने फेई सानचा आवाज आला. "आत आलास की तुला सगळे कोंबड्यांसारखे टिपताना दिसतात."

माणसं हसली. लू साहेब हसले नाहीत. "नाणं तोंडाला का लावत होतात?" त्यांनी थोंग च्यूला विचारलं.

थोंग च्यू उत्तर द्यायच्या आत फेई सानच बोलला. "साहेब, ती इथली जुनी चाल आहे! नव्या आईचा मुका घेतात, पहिल्या साच्याच्या आधी. याचा बापही घ्यायचा. मी पाहिलंय."

फेई सानने असलं काही कधी पाहिलं नव्हतं. पण साचेघरातल्या पाचसहा जणांनी लगेच माना डोलावल्या. लू साहेबांचा चेहरा सैल झाला. बाहेरून आलेल्या माणसाला चाल म्हटलं की बरं वाटतं. "असं होय," ते म्हणाले. "मग सुरू करा."

थोंग च्यू उठला. पेटीत वाळू तयार होती. समोर भट्टीपाशी खांग ताओ पळी तापवत उभा होता. गवताच्या चपलांत त्याच्या पायांची बोटं उघडी होती. त्याने सासऱ्याकडे बघून मान हलवली, सगळं ठीक आहे ना अशी.

थोंग च्यूने मूठभर वाळू उचलली, आवळली, उघडली. गोळा तसाच राहिला. तळहात कोरडा आहे की ओला, ते त्याला कळलं नाही. उजेडाकडे धरून पाहिलं. आता चूळ भरताना सांडलेलं पाणी हातावर होतं, त्यामुळे बघूनही कळत नव्हतं.

त्याने गोळा खाली ठेवला.

"साहेब, तशी चाल नाही," तो म्हणाला. "माझी बोटं मेलीत. मला आई आणि नाणं ओठाने ओळखावं लागतं."

 फेई सानने कपाळावर हात मारला तो सगळ्यांना ऐकू आला.

"ओठाने कळतं का पण?" लू साहेबांनी विचारलं.

"ते कळतं."

तिंग वूने ताट पुढे केलं. थोंग च्यूने सगळ्यांदेखत पासष्ट नाणी ओठाला लावली. वेई नाकासमोर उभा राहून प्रत्येक वेळी जबड्याकडे बघत होता. थोंग च्यूने पाच बाजूला काढली. तिंग वूने आपल्या अंगठ्याने तपासली. पाचही बरोबर होती.

लू साहेबांना गंमत वाटली होती. "मग अडचण काय? साचा लावा. उद्यापासून बघू काय करायचं ते."

"अडचण वाळूची आहे," थोंग च्यू म्हणाला. "ओठाने आकार कळतो. वाळूची ओल ओठाला नीट कळत नाही, ती मुठीनेच कळते. ही वाळू मी भिजवली आहे. ती बरोबर आहे की नाही, मला ठाऊक नाही. हिच्यात ओतू नका. तिंग वू, तू बघ."

तिंग वूला थोंग च्यूच्या पेटीला हात लावायला संकोच वाटत होता. त्याने साहेबांकडे पाहिलं, मग मूठ भरली. आवळली. बोटांच्या फटींतून पाणी आलं नाही, पण त्याने मूठ उघडली तेव्हा तळहात चमकत होता. त्याने तो सगळ्यांना दाखवला नाही, नुसता कमरेच्या फडक्याला पुसला. तरी सगळ्यांनी पाहिलं. पावसाळी हवेत वाळू आणखी पाणी धरते. एवढं तर पहिल्या वर्षाच्या माणसालाही कळतं.

खांग ताओने पळी परत आगीवर ठेवली आणि स्वतःच्या पायांकडे पाहिलं.

"बाबा, किती दिवस झाले?" त्याने विचारलं.

"थंडीपासून."

"थंडीपासून मी ओततोय."

"हो," थोंग च्यू म्हणाला.  मग त्याने साहेबांना लहान नाण्यांचंही सांगितलं: नऊ दिवस, दिवसाला वीस, त्यांतली सहा दिवसांची बाहेर गेली. फेई सानचं नाव घेतलं नाही.

लहान नाण्यांसाठी नियमाप्रमाणे दहा छड्या होत्या, त्या बसल्या. वेईने नेमक्या दहा मारल्या. जोर लावला नाही, राखलाही नाही. वाळू बदलली. पहिला साचा तिंग वूने दाबला, खांग ताओने ओतला. थोंग च्यू तोवर पडवीत पालथा पडला होता. आलिएन रात्री पाठीला तेल लावताना एवढंच म्हणाली, "मी तेव्हाच विचारलं होतं." खांग ताओ चार महिने जेवायला आला नाही. पाचव्या महिन्यात आला आणि बांबूचे कोंब घेऊन आला.

थोंग च्यूला कानशीचं काम दिलं, फेई सानच्या बाकाला लागून. कानस धरायला बोटांत जीव लागत नाही. दोन तळहातांत पकडायची आणि खांद्यातून ढकलायची. पण सत्तावन्नाव्या वर्षी खांदा नवीन काम पटकन शिकत नाही. पहिला महिना त्याची दांडी फेई सानच्या निम्म्याने व्हायची.

"एवढी छान थाप मारली होती मी," फेई सान रोज म्हणे. "मुका काय, चाल काय. आयुष्यात पहिल्यांदा साहेबाला पटलेली थाप. आणि तू ती मातीत घातलीस."

"तिरपं घासतोयस तू," थोंग च्यू म्हणे.

नव्या कालनामाची पहिली झाडं बाकावर आली, तेव्हा तिंग वूची पहिली दांडी फेई सानने काही न बोलता थोंग च्यूच्या घोड्यावर ठेवली. थोंग च्यूने ती घासली. बराच वेळ लागला. संपल्यावर त्याने दांडी उजेडाकडे धरून फिरवली. साठही कडा पिवळ्या होत्या. काळी एकही नव्हती. त्याने ती खाली ठेवून दुसरी घेतली.

साठी भरायला तीन महिने उरले होते, तेव्हाची गोष्ट. थोंग च्यू सुट्टीच्या दिवशी गावात टोफू घ्यायला गेला. टोफूवालीने सुटे परत दिले, त्यांत एक नाणं जुन्या कालनामाचं होतं. त्यात विशेष काही नव्हतं; शेकडो वर्षांची नाणी एकाच दोऱ्यात फिरत असतात. पण त्याची कड अजून काळपट होती. त्याने ते ओठाला लावलं. कड खरबरीत. केसभर लहान.

"अहो आजोबा," टोफूवाली म्हणाली, "भूक लागली असेल तर टोफू खा. ते काय चावताय?"

"हे माझं आहे," तो म्हणाला.

"सुटे दिले म्हणजे तुमचेच की. आणखी कुणाचे?"

दुसऱ्या दिवशी सकाळी तो फाटकापाशी थांबला. मूठ उघडून वेईला नाणं दाखवलं.

"हे आत न्यायचंय."

वेई म्हाताऱ्या माणसासारखा हळूहळू वाकला आणि नाण्याकडे बघत राहिला. "आत?"

"हो."

"आम्ही जाताना तपासतो," वेई म्हणाला. "येताना नाही. आत नेण्याबद्दल काही नियमच नाही." त्याने डोकं खाजवलं. "काय आहे ते?"

"चूक आहे माझी. मोडीत टाकायचीय."

वेईने नाणं घेतलं, दोन बोटांत फिरवलं, कडेवर अंगठा घासला. त्याला काही कळलं नाही. "याचा एक टोफू येईल," तो म्हणाला.

"येईल."

"बाहेर असताना टाकलं असतंस नदीत."

"मग मापाचं नाणं कशातून निघेल?"

वेईने नाणं परत दिलं आणि बाजूला झाला. थोंग च्यू मोडीच्या ढिगाशी गेला. वर एक फुटकी घंटा होती, तिच्याखाली जुन्या ‘पाच चू’ नाण्यांचं एक पोतं. त्याने नाणं त्यात टाकलं. ते घंटेवर वाजलं आणि खाली गेलं.

मग त्याने बाकाशी जाऊन कानस उचलली. फेई सान अर्धी दांडी पुढे गेला होता.